गोठ्यातला स्पिंडल आणि सोनुबाईंचा धवला

करोना सरल्यावर दुसऱ्या वर्षी लोधिवलीच्या भिवाजी पाटलांच्या प्राचीचं लग्न ठरलं. त्याच माघात शेलूची हर्षला आपल्या आत्याकडे लोधिवलीत राहायला आली. आत्या म्हणजे सोनुबाई, गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून जिचा धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, चालतो, एकेका देवाला जी नाव घेऊन मांडवात बोलावते, ती बाई. पण सोनुबाईंच्या छातीत आता दम उरला नव्हता. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. प्राचीच्या हळदीला हर्षलानं उभं राहायचं आणि त्याआधी सगळा धवला आत्याच्या तोंडून उचलायचा, असं दोघींचं ठरलं. आत्याबरोबर तो धवलाही गेला असता, कारण गावात दुसऱ्या कुणाला तो येत नव्हता.

आत्याची एक रीत होती. धवला मध्येच तुटला तर पुढे जोडायचा नाही, पहिल्या देवापासून पुन्हा लावायचा.

पहिल्या दुपारी आत्या डोळे मिटून गावदेवीपर्यंत पोचली, आणि भिंतीपलीकडच्या पाटलांच्या गोठ्यातून पत्रा चिरावा तसा आवाज उठला. आत्या थांबली. "तुटला गं," एवढंच म्हणाली. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा आत्याला धाप लागली आणि हर्षला पायात चपलाही न घालता बाहेर पडली.

गोठ्यात गुरं नव्हती. भुशाच्या धुरळ्यात एक तरुण उभा होता. डोळ्यांवर चष्मा, कानांवर झापडं, भुवयासुद्धा पिवळ्या झालेल्या. त्याच्यापुढे लाकडाचा सांगाडा होता आणि त्याला बांधलेलं मुठीएवढं यंत्र सागाच्या पाटावर आपलं आपण फिरत होतं. कुणाचा हात नाही, काही नाही... आणि त्याच्या मागोमाग एकेक पाकळी उमटत होती. हर्षला कशाला आली तेच विसरली. मग भानावर येऊन तिनं दोन हाका मारल्या. त्याला कुठलं ऐकू यायला. तिनं सरळ प्लग उपटला.

"प्लग तुमी काढला?" कानांवरची झापडं काढत त्यानं विचारलं.

"मी काढला, दादा. तुमच्या या किंकाळीपायी आत्याचा धवला तिसऱ्यांदा तुटला."

त्यानं पाटाकडे पाहिलं. "माझा पन तुटला. आता शून्यापासून लावाय लागंल."

तिला वाटलं, थट्टा करतोय. पण नाही, मध्येच वीज गेली की यंत्राला आपण कुठं होतो ते आठवत नाही, कोपऱ्यावर नेऊन पहिल्यापासून सांगावं लागतं, असं त्यानं समजावलं. हर्षलाला हसू आलं. ती दाबू गेली, पण ते आलंच.

"हसा," तो म्हणाला. "शिव्या पन द्या. फक्त दादा नका म्हनू."

तो प्राचीचा भाऊ, साईराज. शिळफाट्याच्या बाजूला एका कारखान्यात पाळीवर जायचा आणि उरलेला वेळ या यंत्रापाशी. बहिणीच्या लग्नात नवरानवरीला बसायला दोन पाट कोरायचे, एवढा त्याचा हट्ट. पुढे रोज काही ना काही निमित्तानं हर्षला गोठ्याच्या दारात दिसू लागली. धवल्याच्या वेळा सांगायला आले, म्हणायची. त्या वेळा रोज बदलायच्या.

त्याच्याकडून तिला सगळं कळलं. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची, मग सांगाडा यंत्राला तसंच फिरवतो. सांगाड्याला बांधलेला तो ट्रिम राउटर, सुताराचं हातातलं यंत्र. हलका, प्लग लावला की चालू. पण थंड राहायला भसाभसा वारा ओढतो, म्हणून किंचाळतो. दुसरा असतो स्पिंडल. त्याच्या अंगातून पाणी फिरवायचं, की तो मुकाट काम करतो. मात्र तो जड. हा लाकडी सांगाडा त्याखाली वाकेल. शिवाय त्याला वेगळा वीज देणारा डबा हवा, पंप हवा, आणि पंप बंद पडला की तो जळालाच म्हणून समजा. त्याचा मित्र रूपेश म्हणे, आधी राउटरवर पाट उरकून घे, मग बघू.

एका दुपारी गोठ्यातून नुसती गुणगुण आली. आत्या धवल्यात पहिल्यांदाच दूरवर गेली. हर्षला मान डोलावत मागे म्हणत होती... आणि जळका वास आला. ती धावली. साईराज खाली बसला होता. आवाज दबावा म्हणून त्यानं राउटरला गोधडी गुंडाळली होती. वाऱ्यावर जगणाऱ्या यंत्राचा त्यानं श्वासच कोंडला होता.

"त्याला काय थंडी वाजत व्हती?" तिनं विचारलं.

"नाय. तुज्या आत्याचा धवला ऐकायचा व्हता मला," तो म्हणाला. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

नवा राउटर दोन दिवसांत आला असता आणि पाट वेळेत झाले असते. स्पिंडल घ्यायचा तर सांगाडा मोडून लोखंडी बांधायचा. त्यात अर्धा फाल्गुन जाणार. साईराजनं दिवसभर आकडेमोड केली. मग प्राचीला जाऊन म्हणाला, तुझा एखादा पाट साधा राहिला तर चालंल का? प्राचीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग भिंतीपलीकडे पाहिलं, आणि चालंल म्हणाली.

स्पिंडल बसला त्या सकाळी त्यानं हर्षलाला बोलावलं. तिच्यामागून भिंतीला धरत आत्याही आली. पारदर्शक नळीतून बादलीतलं पाणी वर चढलं, स्पिंडलच्या चकचकीत पोटात शिरलं, दुसरीकडून उतरलं. मग साईराजनं वेग दिला. हर्षलानं किंकाळीच्या धास्तीनं खांदे आवळले... पण नुसती मधमाशीसारखी गुणगुण. सागाच्या अंगावर रेघ उमटू लागली, केसाएवढी बारीक, वळणावर न डगमगणारी.

आत्यानं पाण्याच्या नळीला बोट लावलं. "पितंय रं हे," ती हळूच म्हणाली, "आनि न थकता लिवतंय."

आणि तिथंच, गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून, तिनं धवला लावला. गणपती आला, गावदेवी आली, कुळाचे देव आले. यंत्र थांबलं नाही, आत्याही थांबली नाही. शेवटाकडे तिचा श्वास पुरेना. ओठ हलले, आवाज आला नाही. आता तुटणार... तेवढ्यात हर्षलाच्या तोंडून पुढची ओळ निघाली, तिचं तिलाच नवल वाटावं अशी, आणि ती थेट शेवटापर्यंत म्हणत गेली.  पाटावर फूल पुरं झालं होतं, पण साईराजला ते दिसलं सुद्धा नाही.

आत्या घरात गेल्यावर दोघं उभीच राहिली.

"हर्षला," तो म्हणाला, "आपल्या लग्नात... धवला कोन म्हनंल?"

तिनं पाटावरचा भुसा बोटानं बाजूला सारला. "नवरीला सोताच्या हळदीत गाता येत नाय. कुनाला तरी शिकवाय लागंल मला," ती म्हणाली. "आधी माज्या बाबांना तर विचार."

तो दुसऱ्याच दिवशी शेलूला गेला.

प्राचीच्या हळदीला धवला हर्षलानं म्हटला, कुठंही न तुटता. लग्नात नवरी कोरलेल्या पाटावर बसली, नवरा साध्यावर. सोनुबाई खाटेवरून ऐकत होत्या. त्याच साली, वैशाखाच्या पौर्णिमेला, सकाळी चहा पिऊन झाल्यावर सोनुबाई वारल्या.