पिवळं फडकं

ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि जीव खाऊन शिट्टी फुंकली. पाण्याच्या कॅनचा टेम्पो कचकन थांबला. मागचे कॅन धडाधड एकमेकांवर आदळले.

टेम्पोवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. असेल बाविशीचा. कपाळावर ओले केस, आणि डोळ्यांत राग हवा होता तिथं... चक्क हसू.

"वाहतूक पोलिसांत नवी भरती वाटतं?"

"हॉर्न वाजवू नका. सकाळचे दहा वाजलेत."

"दहाला तर सगळं जग जागं असतं."

"माझी आई झोपलेली असते. लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, रात्रपाळीला." कॉलेजच्या लॅबमधून उसना आणलेला आवाज मोजायचा मीटर तिनं त्याच्या नाकासमोर धरला. "बघा. तुमचा हॉर्न ब्याण्णव डेसिबल."

त्यानं मीटर हातात घेतला. "आता जरा शिट्टी वाजवा."

तिनं ठसक्यात वाजवली. अठ्ठ्याण्णव.

त्यानं मीटर इतक्या अदबीनं परत दिला, की तिचे कान तापले. "येतो हं, शिट्टीबाई."

घरी जाऊन तिनं शिट्टी खणात कोंबली. जगापुढं हसं झालं ते झालं, पण खणात त्याच जागी आईचा अर्ज होता. वॉर्ड सोडून दुसरं काम मागणारा अर्ज. अकरा वर्षं जिच्या कडेवर परक्यांची लेकरं शांत झोपली, तिचा गेल्या आठवड्यात औषध मोजताना डोळा लागला होता. सोबतच्या नर्सनं वेळेत पाहिलं म्हणून बरं. "झोपाळू बाईच्या हाती कुणाचं लेकरू नको," आई म्हणाली होती. महिनाअखेरीला ती अर्ज देणार होती.

म्हणून तर ही सगळी धावपळ. गल्लीतल्या दारोदार जाऊन तिनं समिती उभी केली होती. वेल्डिंगवाले काका दुपारी दोनपर्यंत कटर बंद ठेवायला तयार झाले. "तुझ्या आईनं माझ्या नातवाजवळ चार रात्री काढल्यात, पोरी. मला काय विचारतेस?" बाइकवाल्या दादांनी फटफटणारे सायलेन्सर काढून मुकाट्यानं साधे बसवले. राहिला फक्त टेम्पो.

आणि दुसऱ्या दिवसापासून टेम्पो दिसलाच नाही. गल्ली शांत, आई झोपलेली... मग खिडकीशी दहादा जायला हिला काय झालं होतं?

चौथ्या दिवशी तो पायीच आला. फाटकाशी उभा राहून हळूच म्हणाला, "टेम्पो कोपऱ्यावर लावलाय. काल-परवाही तिथंच उभा होतो. हॉर्न न वाजवता."

"मग दिसला नाहीत ते?"

"तुम्हालाच काय, कुणालाच दिसलो नाही. चाळीस कॅन आणले, बारा गेले." तो हसला, पण या वेळी हसू अर्ध्यावरच थांबलं. "असंच चाललं तर ही गल्ली सोडावी लागेल मला."

"म्हणजे मी सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून हॉर्न—"

"शिट्टीचा धाक असतो हो."

ती तडक शिलाईवाल्या काकूंकडे गेली. त्यांच्याकडे पिवळ्या अस्तराचा तागा पडून होता. दुपारभर बसून दोघींनी चाळीस फडकी बेतली. नियम तिनंच केला, ज्याला हवं त्यानं फडकं लावायचं. नऊच्या आत कठड्याला फडकं लागलं, की दहाच्या फेरीत टेम्पो तिथं थांबणार. फडकी वाटायला तो बरोबर फिरला, खांद्यावर गठ्ठा टाकून.

"फडकी वाटतेस की जोडीदार दाखवत फिरतेस?" काकूंनी दारातच पकडलं.

"काकू, हळू बोला ना. मीटर चालू आहे," तो म्हणाला. ती तोंड फिरवून हसली.

सोमवारी सकाळी ती गच्चीवर गेली आणि बघतच राहिली. अख्खी गल्ली पिवळी फडफडत होती. सदतीस कॅन गेले. दहा वाजता मीटरवर चोपन्न. कोपऱ्यावरच्या फळ्यावर तिनं तो आकडा खडूनं एवढा मोठा लिहिला, की वेल्डिंगवाले काका चष्मा न लावता वाचू शकले. काकांनी फळ्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला, मिशा पिळत.

महिना संपला त्या दिवशी आई दुपारी तीनला उठली. डोळे स्वच्छ, चेहरा टवटवीत. खणातला अर्ज काढला, फाडला, चार तुकडे केले.

"राहतेय मी वॉर्डातच," ती म्हणाली. "माझ्या लेकीनं गल्ली झोपवली, हे काल सगळ्या स्टाफला सांगितलंय." मग तिची नजर ओट्याखाली गेली. "पण दोन माणसांच्या घरात पाच भरलेले कॅन कशाला गं?"

"ते... उन्हाळा आहे ना."

"हो का? आणि ऊन फक्त तुझ्याच कठड्यावर पडतं, म्हणून रोज तिथं फडकं?"

लाजून तिनं फडकं आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी दहाला टेम्पो आला. रिकाम्या कठड्याकडे पाहून थांबला. इंजिन बंद झालं. तो खाली उतरला, वर बघितलं, खिशातून काहीतरी काढलं आणि टेम्पोच्या आरशाला बांधायला लागला. सावकाश, नीट गाठ मारून.

पिवळं फडकं.

नियम तर तिचाच होता, ज्याला हवं त्यानं फडकं लावायचं.

आत आई गाढ झोपली होती. म्हणून तिनं चपला हातात घेतल्या आणि जिना अनवाणीच उतरली... एकेका पायरीवर हसत.