गाडीला कपाटाचा रंग कशाला?

विनंती: आत कोणी आहे का?
उत्तर: —

उत्तर नाही, कारण त्याने विचारलंच नाही. सरळ कपाटाचं दार उघडलं.

आत ती होती. गुडघे पोटाशी घेतलेले, दातांत टॉर्च, आणि नजर कपाटाच्या पाठीला चिकटवलेल्या नंबरावर. कॉम्प्युटर म्हणत होता की हे कपाट गोदामात नाहीच. म्हणून ती स्वतः बघायला आत शिरली होती.

"अगं आई!" तो मागे सरकला.

तिने टॉर्च काढली. "दार वाजवायची पद्धत असते."

"कपाटाचं?"

"बंद असेल त्या कशाचंही."

वर पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्याने तिला बाहेर यायला हात दिला. तिने हात धरला नाही, त्याच्या हातातली मोजायची टेप घेतली आणि आपली आपण बाहेर आली. "उंची मोजायला आलात ना? सहा फूट. आम्हाला विचारलं असतं तर सांगितली असती."

फर्निचरची कंपनी. दोघंही वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर विभागात, पण दोन टोकांच्या खोल्यांत. ती साठ्याचं सॉफ्टवेअर सांभाळायची, म्हणजे गोदामात काय आहे आणि काय नाही. तो पोचवण्याचं, म्हणजे कुठली गाडी काय घेऊन कुठे जाणार. गोदामातली माणसं तिला साठेबाई म्हणत आणि त्याला पोचराव. तिचं आडनाव साठे नव्हतं, पण ऐकतो कोण.

*

पूर्वी कंपनीचं सगळं सॉफ्टवेअर म्हणजे एकच गाठोडं होतं. बिलात एक ओळ बदलली की गोदाम बंद पडायचं. मग मोठ्या बाई विभागप्रमुख झाल्या आणि त्यांनी गाठोडं सोडलं. साठा वेगळा, पोच वेगळी, पैसे वेगळे, ग्राहक वेगळे. या एकेका तुकड्याला सेवा म्हणायचं. सेवेने आपलं एक काम धड करायचं, दुसरीच्या घरात डोकवायचं नाही. काही हवं असलं तर दारात येऊन विचारायचं. काय विचारता येईल आणि काय उत्तर मिळेल ते आधी ठरलेलं. त्याला करार म्हणायचं.

"सैल बांधा," मोठ्या बाई म्हणायच्या. "एक पडली तर तिने दुसरीला ओढून पाडता कामा नये."

आणि एक नियम. करारात एक शब्द जरी बदलायचा असला, तरी दोन्ही सेवांच्या प्रमुखांनी समोरासमोर बसायचं. साठ्याची प्रमुख ती, पोचेचा तो.

सगळा घोळ इथे झाला.

*

विनंती: वस्तूची उंची?
उत्तर: सहा फूट.

ही पहिली बैठक. ती खरोखर कामाची होती.

विनंती: वस्तूचा रंग?

"गाडीला कपाटाचा रंग कशाला?" तिने विचारलं.

"ड्रायव्हरला... ओळखायला सोपं जातं."

"ड्रायव्हर नंबर बघतो."

"अंधारात नंबर दिसत नाही."

"आणि रंग दिसतो?"

तो पेनचं टोपण काढत-लावत राहिला. तिने हसू दाबलं आणि रंग करारात घातला.

पुढची विनंती तिच्याकडून गेली.

विनंती: बाहेर पाऊस आहे का?

"साठ्याला पावसाचं काय पडलंय?" तो म्हणाला.

"प्लास्टिक गुंडाळायचं की नाही, ते ठरवता येईल."

"प्लास्टिक नेहमीच गुंडाळतात."

"मग तुमची हरकत आहे का?"

"छे छे. पावसाची माहिती असलेली बरी."

मग दाराची रुंदी आली. जिन्याच्या पायऱ्या आल्या. सोफ्याचे पाय सुटे होतात का, तेही आलं. प्रत्येक प्रश्नाची वेगळी विनंती, आणि प्रत्येक विनंतीची वेगळी बैठक.

*

"आज पण मीटिंग?" घरी तिची वहिनी दारात उभी.

"कामाची आहे गं."

"असणारच. केस धुऊन जायचं काम." वहिनीने तिच्या हातात डबा दिला. "तुझ्या त्या पोचरावांना पत्ता सापडेना वाटतं अजून?"

"वहिनी!"

"मी आपलं विचारलं."

*

मोठ्या सवलतीचा दिवस उजाडला. लोकांनी 'ऑर्डर करा'चं बटण दाबलं आणि पडद्यावरचं चाक फिरत राहिलं. फिरतच राहिलं. दुपारपर्यंत अर्धे ग्राहक वैतागून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी भिंतीवर चित्र दाखवलं. प्रत्येक सेवेचं एक वर्तुळ. एका ऑर्डरीमागे जितकं बोलणं जास्त, तितकी दोन वर्तुळांमधली रेघ जाड. सगळ्या रेघा दोऱ्यासारख्या होत्या. साठा आणि पोच यांच्यातली मात्र दोरखंड!

"एक खुर्ची विकायची, तर हे दोघं एकमेकांशी इतकं काय बोलतात?" बाईंनी विचारलं.

मागे कुणीतरी खोकलं. तिने खाली बघितलं. त्याने छताकडे.

"एवढं बोलावं लागत असेल, तर या दोन सेवा नाहीतच. जोडून एक करू. एका सेवेला प्रमुख एक. दुसऱ्याने दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात जायचं." बाईंचा आवाज नेहमीसारखाच होता. "नाहीतर बोलणं कमी करा. सोमवारपर्यंत."

*

बैठकांच्या काचेच्या खोलीत दोघं बसले. तिच्यासमोर लॅपटॉप होता, त्याच्यासमोर काहीच नाही.

"नाहीच जमलं तर मी जातो," तो म्हणाला. "तुमचं घर आहे इथे. वहिनी आहेत."

"तुम्हाला कुणी विचारलं?" ती तडकली. मग हळू म्हणाली, "कुणीच जायचं नाही. रंगापासून सुरू करू. का घातला होता? विनंती काढताना कारण लिहावं लागतं."

"गरज नव्हती, असं लिहा."

"ते मलाही माहीत आहे. का घातला होता?"

त्याने काचेबाहेर पाहिलं. "त्या आठवड्यात आपली बैठक नव्हती. मला... हवी होती."

तिची बोटं थांबली. मग तिने लिहिलं: गरज नव्हती. रंग गेला.

"आता पाऊस," तो म्हणाला. "तुमच्या टेबलाशेजारी खिडकी आहे."

"आहे."

"मग पाऊस दिसत असेल तुम्हाला."

"दिसतो." तिचे कान तापले. "तुमच्या खोलीला खिडकी नाही. म्हटलं, करारात पाऊस असला तर हा माणूस अधूनमधून बाहेर बघायला उठेल... वाटेत माझं टेबल आहे."

"म्हणून मी उठत होतो?"

"उठत होतात की."

"मला वाटायचं, ती माझीच युक्ती."

पाऊस गेला. जिना गेला. सोफ्याचे पाय गेले. एकेक पुसताना दोघंही मध्येच हसायचे. संध्याकाळी करारात एकच विनंती उरली: ही वस्तू न्यायची आहे. तिचं एकच उत्तर: हा तिचा तपशील. जे लागेल ते सगळं एकदाच.

"झालं," ती म्हणाली.

"झालं," तो म्हणाला. आणि सफाईवाल्याने दिवे घालवायला सुरुवात केली, म्हणून दोघं उठले.

*

सोमवारी भिंतीवर नवं चित्र लागलं. साठा आणि पोच यांच्यात एक बारीक रेघ, बाकीच्यांसारखीच.

"छान! आता तुम्हा दोघांना एकमेकांची अजिबात गरज नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या कौतुक करत होत्या.

कुणालाच कुठे जावं लागलं नाही. ऑर्डरी झपाझप जाऊ लागल्या. बदलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मंगळवारी तो तिच्या टेबलाकडे आला नाही. बुधवारीही नाही. खिडकीबाहेर पाऊस पडून गेला, तरी कुणी बघायला उठलं नाही.

काचेच्या खोलीत दोघांनी जी कारणं सांगितली, ती सगळी मागची होती. पुढचं कुणीच बोललं नव्हतं.

गुरुवारी ती उठली. लॅपटॉप घेतला नाही, वही घेतली नाही, पेनसुद्धा नाही. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. तशीच लांबच्या लांब व्हरांडा ओलांडून ती त्या बिनखिडकीच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

तो ताडकन उठला. "काय बिघडलं?"

"काही नाही. सगळं नीट चाललंय."

"मग काही बदलायचंय?"

"नाही."

"मग...?"

"मग काही नाही. आले."

खोलीतले कीबोर्ड एकेक करून थांबले.

"मीही येणार होतो," तो म्हणाला. "रोज निघायचो. पण कुणी विचारलं काय काम आहे, तर सांगायला काहीच नव्हतं."

"सांगायचं खरं ते."

"खरं?" त्याने एकदा आपल्या माणसांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "मला तुम्ही आवडता."

"मलाही," ती म्हणाली. "तुम्ही."

कोपऱ्यातून आवाज आला, "पोचराव, मीटिंग किती वाजेपर्यंत आहे?"

"मीटिंग नाहीये," तो म्हणाला. लॅपटॉप उघडाच टाकून तो तिच्याबरोबर बाहेर पडला.