नाव घे, नंदिनी

उरणहून निघालेली एसटी जासईजवळ बंद पडली आणि माझी वह्यांची पिशवी एका अनोळखी माणसाने न विचारता उचलली. सगळं तिथून सुरू झालं. दुसरी गाडी मिळेपर्यंत मिठागराच्या कडेने आम्ही चालत राहिलो. मी उरणच्या शाळेत शिकवायची. तो न्हावाशेव्याला, नव्या बंदराच्या कामावर. नाव विचारलं तर म्हणाला, अनीस मुकादम.

"अनीस म्हणजे?"

"ज्याच्या सोबतीने एकटेपणा जातो, तो. अरबी आहे. उन्स म्हणजे लळा, त्यातून आलंय. मी झालो तेव्हा अब्बा बोटीवर होते. अम्मी घरात एकटी, सारखी रडायची. सातव्या दिवशी आजोबांनी हे नाव ठेवलं आणि तिला म्हणाले — घे, आता तू एकटी नाहीस."

मी चेष्टा केली. "मी नुसतं नाव विचारलं, तुम्ही गोष्टच सांगितलीत!"

"नुसतं नाव हवं होतं, तर अर्थ कशाला विचारलात?"

वारा खारा, गार होता आणि माझे कान मात्र तापले होते. ती दुसरी गाडी आली नसती तरी माझं काही बिघडलं नसतं.

पुढे पिशवी रोजच त्याच्या हातात जायला लागली. पण वाशीच्या फ्लॅटमध्ये माझी आई होती. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. अनीसशी लग्न करायचंय असं तिला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ताटातून नजर न उचलता म्हणाली, "जा. पण मग या दारात येऊ नकोस."

"पळून जाऊ या," मी अनीसला म्हटलं.

"नाही!" कधी नव्हे तो चिडला. "तुझ्या आईला एकटं पाडून मी हे नाव कसं लावू? थांबू आपण."

एका रविवारी तो आईला भेटायला गेला, एकटाच. परत आल्या आल्या मी त्याला गाठलं.

"काय म्हणाली?"

"नावाचा अर्थ विचारला. सांगितला. मग… दार लावून घेतलं."

आम्ही थांबलो. आई स्थळं आणायची, मी नको म्हणायची. एक दिवस तीच वैतागून म्हणाली, "करून टाक एकदाचं. तुझं तोंड बघवत नाही." दाराबद्दल मात्र अवाक्षर नाही, आणि विचारायचा मला धीर झाला नाही.

ठाण्याला रजिस्टर लग्न झालं. त्याची अम्मी आली, माझी आई नाही. तसेच गळ्यात हार घेऊन आम्ही वाशीला आलो. मी बेल दाबली.

आईने दार उघडलं. दोन्ही हात चौकटीला लावून आडवी उभी राहिली. आत शिरायला जागाच नव्हती. संपलं सगळं, असं मला वाटलं. अनीस हळूच मागे सरला.

"कुठे निघालात?" आईचा आवाज फुटत होता. "नाव घेतल्याशिवाय आत सोडतं का कुणी? नंदिनी, नाव घे."

लहानपणापासून पाठ केलेले सगळे उखाणे मी त्या क्षणी विसरले. डोळे भरून आले. ओठांवर आलं ते म्हणाले —

"खाडीला भरती आली, काठाला लागली होडी…
अनीस म्हणजे सोबत, आई — वाट सोड थोडी."

आईचे हात खाली आले. पदराने डोळे टिपत तिने माझ्यामागे बघितलं.

"या," ती म्हणाली, "आत या, अनीसराव."