पाचव्या ट्रॅकमधली खोली

मंगळवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी पाचव्या ट्रॅकवरचा आवाज पुन्हा गेला. नऊ सेकंदांनी परत आला. मिस्त्रीने वहीत वेळ लिहिली, टेप किती फिरली ते दाखवणाऱ्या काउंटरचा आकडा लिहिला आणि पेन्सिल इतक्या जोरात आपटली की तिचं टोक मोडलं. बारा दिवसांतली ही त्रेचाळिसावी नोंद होती.

बंद पडलेलं यंत्र परवडलं, असं तो नेहमी म्हणायचा. मेलेल्याची नाडी बघावी लागत नाही. पण जे यंत्र मधूनच बिघडतं आणि तुम्ही पेचकस हातात घेतला की साळसूदपणे चालू लागतं, ते माणसाला रडकुंडीला आणतं.

हे यंत्र आठ ट्रॅकचं होतं. कपाटाएवढं धूड; एकाच रुंद टेपवर आठ आवाज शेजारी शेजारी, एकमेकांना धक्का न लावता साठवणारं. चार माणसांनाही ते हलेना, म्हणून मिस्त्रीच रोज त्या तळघरातल्या जुन्या स्टुडिओत यायचा. दोन खोल्या, मध्ये जाड दुहेरी काच. अलीकडे यंत्र. पलीकडे गाणाऱ्याची खोली: एक खुर्ची, माइकचा स्टँड आणि आवाज शोषून घेणाऱ्या करड्या भिंती. बत्तीस वर्षांत त्या खोलीत कोणी गायलं नव्हतं.

स्टुडिओ दोघी बहिणींचा. थोरली यंत्रावर बसायची, धाकटी गायची. यंत्रावर आता लावलेलं हे रीळ भरलं त्याच दिवशी धाकटी हेडफोन खुर्चीवर ठेवून मागच्या दाराने बाहेर पडली. ती गेली ती गेलीच. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, काही हाती लागलं नाही. गाण्याची शेवटची ओळ मात्र तिने आयत्या वेळी बदलली होती. कागदावर नसलेलं काहीतरी ती म्हणते आहे एवढं थोरलीने काचेतून, ओठांवरून पाहिलं होतं. कारण त्याआधीच तिने चिडून स्पीकर बंद केला होता. टेप फिरत होती, तेव्हा ओळ टेपवर होती. पुढे कित्येक वर्षं थोरलीला ती लावण्याचा धीर झाला नाही, आणि धीर झाला तोवर टेप चिकट होऊन बसली होती.

मिस्त्रीने ती मंद उबेत आठ तास तापवली होती. अशी टेप दोन-तीन आठवडे वाजते, मग कायमची जाते. त्यातही दर वेळी आवाज वाचणाऱ्या हेडवर थोडी तपकिरी भुकटी सोडते. ती भुकटी म्हणजेच आवाज. तो फडक्याने हेड पुसायचा तेव्हा थोरली त्या फडक्याकडे बघत राहायची.

"हीच ना ती?" तिने एकदा विचारलं.

मिस्त्रीने फडकं घडी करून खिशात ठेवलं.

करायचं ते सगळं त्याने केलं होतं. पाचव्या ट्रॅकचं कार्ड काढून सहाव्याच्या जागी घातलं. दोष कार्डाबरोबर सरकला नाही. हेडच्या तारांची अदलाबदल केली. दोष तारेबरोबरही सरकला नाही. सोल्डरचे सगळे डाग पुन्हा लावले, दोन रिले बदलले, एकूण एक संपर्क स्पिरिटने पुसले. दुसरी कोणतीही टेप लावली की यंत्र बारा-बारा तास निर्दोष वाजायचं. हे रीळ लावलं की धाकटीचा आवाज मध्येच नाहीसा.

आणि मागे थोरली. स्टुलावर बसून चष्म्याची डबी उघडायची, मिटायची. टप. टप. शिवाय बोलणं. पाणी हवंय का, पंखा लावू का, तो दिवा का लुकलुकतोय. सत्तरीच्या बाईला गप्प बसा कसं सांगायचं, म्हणून मिस्त्री दात-ओठ खात ऐकून घ्यायचा.

घरी बायकोने जेवताना निकाल दिला. "यंत्र चांगलं आहे हो. ती बाई बोलते आणि डोकं तुमचं बिघडतं. तिला बाहेर बसवा, दोघंही सुधाराल."

मिस्त्री हसला नाही. जेवण अर्धवट टाकून त्याने वही उघडली. दोष आला त्या क्षणी खोलीत काय चाललं होतं तेही नोंदवायचं, ही त्याची चाळीस वर्षांची सवय. वर फ्रिज सुरू झाला का, रस्त्यावरून ट्रक गेला का. मिस्त्री पानं उलटत गेला. बाई – पाणी. बाई – पंखा. बाई – "अजून किती दिवस". त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस.

बुधवारी त्याने सरळ चाचणी घेतली. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता, सैल तारेवर होता. माणसाच्या आवाजाने सैल तार थरथरू शकते. त्याने स्वतः यंत्राला तोंड लावून माहितीपुस्तिकेतलं दीड पान वाचलं. गाणं चालू राहिलं. कपाटावर बुक्की मारली. चालू राहिलं.

"बाई, आता तुम्ही बोला."

"मी काय बोलू?" थोरली म्हणाली, आणि धाकटी गप्प झाली.

त्याने हेडफोन चढवले. आवाज जातो म्हणजे ट्रॅक मरतो, असं तो आजवर धरून चालला होता. मेलेल्या ट्रॅकमध्ये काहीच नसतं. इथे खोली होती. करड्या भिंतींची दबलेली, बंद हवा. खुर्ची करकरली. कोणीतरी नाकाने हळूच श्वास घेतला, आणि मग गाणं पुढे सुरू झालं.

पुढे म्हणजे जिथे थांबलं होतं तिथूनच. एक शब्दही बुडाला नव्हता. आठव्या ट्रॅकवर ठेक्याची टकटक अखंड चालू होती, म्हणजे टेप एकाच गतीने फिरत होती, तरी गाणं थांबलं होतं आणि पुन्हा टकटकीवर बरोबर येऊन बसलं होतं. मिस्त्रीने डब्यावरची थोरलीच्या अक्षरातली चिठ्ठी पाहिली: समाप्त, ३१२. वहीत त्याच्या स्वतःच्या नोंदी होत्या. पहिल्या दिवशी गाणं ३१८वर संपलं होतं; शेवटची ओळ जवळ आली की थोरली स्पीकर बंद करायला लावायची, म्हणून तेही आवाज दाखवणाऱ्या काट्यावरूनच कळलं होतं. पुढे ३२७. ज्या सोमवारी बाईच्या गप्पांना ऊत आला होता, त्या दिवशी ३५३ला रिळावर शेवटचे वेढे उरले होते आणि गाणं संपलंच नव्हतं. त्याने ते काउंटरच्या माथी मारून दुसरा काउंटर बसवला होता.

त्याला भीती वाटली नाही. प्रचंड राग आला. बारा दिवस, एकोणीस वेळा वाजवलेली टेप, खिशात घडी केलेली फडकी.

"तुम्ही बोललात की ती थांबते," तो म्हणाला. "हे काय आहे, बाई?"

थोरलीने टेबलावरच्या लाल बटणाकडे बोट केलं. ते दाबून बोललं की यंत्रावरच्या माणसाचा आवाज काचेपलीकडे, गाणाऱ्याच्या कानात जातो. तो आला की गाणाऱ्याने थांबायचं, सूचना ऐकायची, पुढे जायचं. दोघींची शिस्त तशीच होती.

"त्या दिवशी मी तिला अकरा वेळा थांबवलं," थोरली म्हणाली. "एकदाही गरज नव्हती."

मिस्त्रीने टेबल पुढे ओढून मागे पाहिलं. बटणाची तार कापलेली होती. तांब्यावर हिरवा गंज चढला होता.

गुरुवारी त्याने थोरलीला वर, रस्त्यालगतच्या पायरीवर बसवलं आणि मधली तिन्ही दारं लावून घेतली. आता टेप एकदाच वाजणार होती, थेट कॉम्प्युटरवर उतरणार होती. थोरलीची पहिल्या दिवसापासूनची एकच अट होती: ती ओळ तिच्याआधी कोणी ऐकायची नाही. मिस्त्रीने शब्द दिला, स्पीकर बंद केला, हेडफोन खुंटीला लावले आणि नुसत्या काट्यांकडे बघत बसला. स्वतः खोकलासुद्धा नाही.

पाचवा काटा एकदाही अडला नाही. ३०९ला पडला, क्षणभर तसाच राहिला. मग एका ओळीपुरता उठला. ३१२ला पडला तो पडलाच.

रीळ उतरवलं तेव्हा भुकटी पार झडून गेली होती, टेपमधून पलीकडचा दिवा दिसत होता.

फाइल अठरा मिनिटं चाळीस सेकंदांची झाली. एक प्रत थोरलीला दिली, दुसरी नेहमीप्रमाणे डिस्कवर घालून दुकानातल्या कपाटात कुलूपबंद केली. थोरलीने त्याचे दोन्ही हात धरले. मिस्त्रीला अवघडल्यासारखं झालं.

आठवड्याने तिचा फोन आला. ओळ ऐकून झाली का, हे विचारायचं त्याच्या अगदी ओठांवर होतं.

"नाही हो," थोरली म्हणाली. "त्या ओळीच्या आधी ती श्वास घेते. तो ऐकला की माझ्या तोंडून निघतंच, थांब. सवय आहे ना. मग ती थांबते."

"बाई, ती फाइल आहे. फाइल थांबत नाही."

"आता अडतीस मिनिटांची झाली."

मिस्त्रीचा पारा चढला. कॉम्प्युटर जुना असेल, आकडा चुकीचा दाखवत असेल, कोणा जाणकाराला दाखवा, आणि कृपा करून ऐकताना तोंड मिटून बसा, असं त्याने एका दमात सुनावलं. पलीकडे डबी उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला.

"तोंड मिटलं तर ती संपेल," थोरली म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सोमवारपासून तिचा फोन नुसता वाजत राहिला. बुधवारी मिस्त्री स्टुडिओवर जाऊन आला. पुढच्या दाराला आतून कडी होती. मागचं दार उघडं होतं. काचेपलीकडच्या खुर्चीवर हेडफोन ठेवलेले होते. थोरली नव्हती. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, वय विचारलं, घरात कुरबुर होती का विचारलं.

गुरुवारी दुपारी त्याने कपाटाचं कुलूप काढलं. डिस्क ठेवली होती तशीच होती, पाकिटावरची चिकटपट्टीही शाबूत. कॉम्प्युटरला लावली. फाइलची लांबी एक तास चार मिनिटं.

दिलेला शब्द त्याने मोडला. गाणं अठराव्या मिनिटापर्यंत सरळ गेलं. मग श्वास आला, आणि धाकटी थांबली.

खोली ऐकू येत होती. बंद हवा. खुर्चीची करकर.

त्याने आवाज वाढवला.

माइकपासून थोडं दूर, डाव्या बाजूला, टप. जरा वेळाने पुन्हा टप.

मिस्त्रीने पेन्सिलीला टोक केलं आणि वेळ लिहिली: तीन वाजून बावीस मिनिटं. खोलीत काय चाललं होतं, तो रकाना त्याने कोरा ठेवला. पाच वाजता दुकान बंद करताना गाणं पुढे सरकलेलं नव्हतं, आणि फाइल दोन तास बेचाळीस मिनिटांची झाली होती.