अनुभवार्क

खिडकी क्रमांक एकवरून "असं आहे बघा" हे शब्द ऐकू आले, की रांगेतल्या पालकांना कळायचं, पुढच्याची जागा गेली. एकोणीस वर्षं हे शब्द प्रवेश विभागाचे अधीक्षक विश्वंभर खरोटे उच्चारत. यंदाच्या एप्रिलपासून ते एक यंत्र उच्चारत होतं. त्याच आवाजात, शब्दांनंतरच्या त्याच थांब्यासह. फरक इतकाच, की त्या थांब्यात यंत्र चष्मा पुसत नसे.

मोरगिरी उपनगराच्या शिक्षण मंडळाकडे एकोणतीस शाळा होत्या आणि अठ्ठावीस शाळांत जागा शिल्लक होत्या. सगळ्या उपनगराला हवी होती ती सतरा नंबरची शाळा. तिथं प्रयोगशाळा होती, नळाला पाणी होतं आणि शिक्षक वर्गात सापडत. एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला तिथं पहिला हक्क, असा नियम होता. तो राबवणं हे खरोट्यांचं आयुष्य होतं. या खुर्चीवर बसून त्यांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नव्हता. शिफारशीची चिठ्ठी आली की ते तिचा बोळा करून टोपलीत टाकत, आणि सगळ्यांना दिसेल असा टाकत.

महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. मंडळानं त्यांची जागा भरायची नाही असं ठरवलं आणि त्याऐवजी त्यांचा अर्क काढला. सरकारी भाषेत याला 'अनुभवार्क' म्हणत. कोऱ्या यंत्रापुढे साहेबांचे एकोणीस वर्षांतले अर्ज ठेवायचे, शेरा झाकायचा आणि यंत्राला निर्णयाचा अंदाज करायला लावायचा. अंदाज चुकला की यंत्र आपल्या आतली वजनं किंचित सरकवी. असं लाखो वेळा झाल्यावर यंत्राचा आणि साहेबांचा शेरा वेगळा ओळखू येईना. कचेरीत सगळे त्याला 'धाकटे साहेब' म्हणू लागले. सत्काराच्या दिवशी खरोट्यांना गहिवरून आलं होतं. आपण इतके सरळ होतो की यंत्रातही मावलो, असं ते भाषणात म्हणाले होते.

आता त्यांना काम उरलं नव्हतं. धाकट्याच्या मागच्या टेबलावर बसून ते 'तपासले' असा शिक्का मारत.

त्या सकाळी अकराच्या सुमाराला एक बाई रांग सोडून सरळ त्यांच्या टेबलाशी आली. सोबत सहा वर्षांची मुलगी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली.

"मोठं साहेब तुमीच ना? मी दुर्गा धोत्रे, खाणीवरच्या वस्तीतली. ही अंबिका. त्या धाकट्यानं हिला नऊ नंबरची शाळा दिलीय, हायवेपल्याड."

"अंतर बसत नसेल, बाई."

"सतरा नंबरची घंटा माझ्या घरात ऐकू येती, साहेब. दुपारच्या घंटेला मी भात उतरवती. ह्याहून जवळ म्हंजे आता वर्गातच ऱ्हायला जाऊ का?"

तिनं नकाराची पावती पुढे केली. "ह्यात काय ल्हिलंय ते वाचून तर दाखवा. तो बोलतो लई गोड, पन सांगत काईच न्हाई."

खरोट्यांनी चष्मा पुसला. प्रत्येक नकाराखाली, तो ज्यांच्या आधारे दिला ती तीन जुनी प्रकरणं यंत्रानं छापलीच पाहिजेत असा कायदा होता. कायदा करणाऱ्यांनी ती प्रकरणं कुणी वाचेल असं धरलं नव्हतं.

"पायी अंतर दोन पूर्णांक तीन किलोमीटर," त्यांनी वाचलं. "सबब अपात्र. आधार पहिला, पवार. आधार दुसरा, मुजावर." तिसऱ्या ओळीवर त्यांची नजर अडखळली. त्यांनी पावतीची घडी घातली. "बाकी असंच सगळं. नियमाचं."

"साहेब," धाकटा खिडकीवरून अदबीनं म्हणाला, "तिसरं वाचायचं राहिलं. आधार तिसरा, कुमारी सुवर्णा धोत्रे, दहा वर्षांपूर्वी. निर्णय आपलाच."

दुर्गाबाईनं अंबिकाला जवळ ओढलं. मग म्हणाली, "ती माजी थोरली."

"शिकतेय ना?" खरोट्यांनी विचारलं.

"पाचवीत बसली घरी. हायवे वलांडायचं भ्या वाटायचं तिला, अन मी सकाळी सातला कामावर. एकदा ट्रकानं दप्तर उडवलं. दप्तरच, पोरगी न्हाई. पन त्या दिवसापास्नं गेली न्हाई ती." हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पत्ता सांगावा तसं सांगितलं.

खरोटे उठून यंत्राजवळ गेले. "अंतर पुन्हा काढ."

"नकाशा खातं प्रत्येक अर्जावर दोन आकडे देतं, साहेब. हवाई अंतर, म्हणजे सरळ रेषेत, आणि पायी अंतर, म्हणजे डांबरी रस्त्यानं. यांचं हवाई अंतर चारशे मीटर आहे. मध्ये खाण आहे. नियमात नुसतं 'अंतर' असं लिहिलंय. कुठलं धरायचं ते मी आपल्याकडून शिकलो."

"मी काय धरायचो?"

"शिल्पबाग सोसायटीसाठी हवाई. तिथून रस्त्यानं पावणेदोन किलोमीटर पडतं. खाणवस्तीसाठी पायी."

"खोटं आहे. निर्णय होईपर्यंत तुला नाव, जात, पत्ता काही दाखवतच नाहीत. वस्ती कुठली ते तुला कळतं कसं?"

"अक्षरावरून, साहेब. आपली कचेरी कागदमुक्त होऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे अर्जाच्या दोनच कागदी प्रती लागतात. सोसायटीतले लोक अर्ज स्वतः भरतात. वस्तीतले समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून भरून घेतात. त्याचा 'र' खाली वळलेला असतो आणि सहीच्या जागी तो आधीच फुली करून ठेवतो. ते अक्षर दिसलं, की आपण पायी अंतर धरता. अकराशे सात वेळा."

खरोट्यांना वाटलं, कुणीतरी पाठीमागून आपला सदरा उचलून पाहतंय. कारण ते अक्षर त्यांना माहीत होतं. ते दिसलं की हात आपोआप दुसऱ्या रकान्याकडे जाई. जागा साठ, अर्ज चारशे. कुणाला तरी नाही म्हणावंच लागे, आणि फुलीवर सही करणारी माणसं पुन्हा विचारायला येत नसत. सोसायटीतली माणसं अपील करत, वर्तमानपत्राला पत्र लिहीत. यात कुणाचा राग नव्हता, लोभ तर नव्हताच. त्यांना फक्त वेळेवर जेवायला बसायचं असे.

"हिला प्रवेश दे," ते म्हणाले.

"देतो. अपवाद म्हणून नोंदवू, की शिकवण बदलू?"

"फरक काय?"

"अपवाद म्हणजे अंबिका धोत्रे आत येईल आणि उद्यापासून मी पूर्वीसारखाच. शिकवण बदलायची तर आधीचे अकराशे सात निर्णय चुकीचे होते असं आपल्या सहीनं नोंदवावं लागेल. मग कायद्यानं त्या प्रत्येक घरी पत्र जाईल. खाली आपलं नाव."

सत्काराची शाल अजून कपाटात होती. निवृत्तीला नऊ दिवस होते. खरोट्यांनी दुर्गाबाईकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती. अंबिका टेबलावरचा 'तपासले'चा शिक्का आपल्या तळहातावर उमटवून बघत होती.

"अपवाद," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण धाकटा आणखी वीस वर्षं तरी इथं बसणार होता. त्याला ना निवृत्ती, ना आजारपण, ना एखाद्या सकाळी उगाचच मऊ होणारं मन.

"शिकवण बदल," ते म्हणाले.

"कारण?"

"नजरचूक."

धाकटा थांबला. हा थांबा खरोट्यांचा नव्हता. "साहेब, नजरचूक दोन्ही बाजूंना होते. ही एकदाही दुसऱ्या बाजूला झालेली नाही. तरी आपण म्हणत असाल तर नोंदवतो. मात्र यापुढं असं केलं की मीही हाच शब्द वापरीन. चालेल?"

खरोट्यांनी कळफलक पुढे ओढला आणि स्वतः टाइप केलं: 'कळत असूनही'. मग सही केली. सही दर वेळेसारखीच सुबक आली, याचं त्यांना वाईट वाटलं.

छपाईयंत्र सुरू झालं. अंबिकाच्या प्रवेशाचा कागद निघाला, आणि त्यामागोमाग पत्रं. धोत्र्यांचं पत्र खरोट्यांनी वेगळं काढलं आणि या वेळी एकही ओळ न गाळता वाचलं. 'कु. सुवर्णा हिला प्रवेश नाकारण्यात आला तो निर्णय चुकीचा होता व तो कळत असूनही घेण्यात आला. तरी तिने तीस दिवसांच्या आत इयत्ता पहिलीत हजर व्हावे.'

"सोळाची झाली ती," दुर्गाबाई म्हणाली.

"मसुदा कायद्यानं ठरलेला आहे," धाकटा म्हणाला. सवयीनं त्यानं "असं आहे बघा" म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं.

दुर्गाबाईनं दोन्ही कागद घेतले. प्रवेशाचा कागद पिशवीत टाकला. दुसरा मात्र हातातच धरून ठेवला.

"हे तिला वाचता येतंय, साहेब. पाचवीपत्तूर शिकलीय ना. ती इच्यारल, कळत व्हतं तर का केलं. मी काय सांगू तिला?"

रांग पुढे सरकायची थांबली होती. धाकट्यानं एकोणीस वर्षांच्या सगळ्या फायलींत शोधलं. या प्रश्नाचं उत्तर तिथं कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. म्हणून तोही, इतरांसारखाच, खरोटे काय म्हणतात याची वाट पाहत राहिला.