दिलेलं दावं

पिल्लू न्यायचं तर खुशाल ने. दूध पाज, नाहीतर भाकरी कुसकरून घाल, माझं काही म्हणणं नाही. पण दावं मागू नकोस. दावं तुझ्या घरून आण. जनावर द्यावं, दावं देऊ नये, हे आपल्याकडं बैल विकणाऱ्या अडाण्यालाही कळतं. हसताय होय? हसून घ्या. वीज गेलीये, ती काही लगेच येत नाही. तोवर बसा असे जवळ, सांगतो. ज्याच्यावर हे बेतलं तो कोंडीबा, म्हसवडच्या बाजूचा धनगर. मला त्यानं स्वतः सांगितलं. आणि तो थापा मारणाऱ्यातला नव्हता. थापा मारायला आधी तोंड उघडावं लागतं, आणि त्याला बोलता करायचं म्हणजे दगडाला पाझर फोडण्यापैकी काम.

बहात्तरचा दुष्काळ तुम्ही ऐकून असाल. माणदेशातली माणसं खडी फोडायला गेली आणि मेंढरं मिळेल त्या भावाला गेली. मेंढरंच नाहीत तर कुत्र्याला काम काय? कुणी कुत्रं वस्तीवर सोडून गेलं, कुणी लांब माळावर नेऊन चुकवलं. काही जण तर खुंट्याला बांधून तसेच निघून गेले. मागं आलं तर जीव तुटतो, म्हणून बांधायचं. वा रे माया!

कोंडीबा अशा ओस वस्त्या हिंडायचा. कुत्रं दिसलं की लांब बसायचा, हाक मारायचा नाही. कुत्रं आपल्या पायानं जवळ आलं की रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा तुकडा द्यायचा आणि गळ्यात आपल्या हातानं वळलेलं लोकरीचं दावं घालायचा. त्याची बायको तानुबाई कपाळाला हात लावायची.

"आवं, माणसाला दाणा न्हाई आन् तुमी कुत्र्यांची वरात काढताय!"

"वाट बघत्यात गं ती," कोंडीबा म्हणायचा. "मालक येईल म्हणून खुट्टा सोडत न्हाईत. कुणीतरी जायला नगं व्हय?"

गुरांच्या छावणीला आमच्या कुंडलकडून उसाचं वाडं, म्हणजे हिरवे शेंडे, घेऊन ट्रक जायचे आणि रिकामे परतायचे. त्या रिकाम्या ट्रकात तो कुत्री घेऊन यायचा. इकडं पाणी होतं, ऊस होता, राखणीला कुत्रं हवं असलेली घरं होती. पण त्याची एक रीत होती. नेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. कोंडीबा स्वतःचं दावं सोडून कमरेला गुंडाळायचा, मग नेणाऱ्यानं त्याचं बांधायचं. या दोन दाव्यांच्या मधे कुत्रं घडीभर अगदी मोकळं असायचं. तेवढ्यात ते पळालं नाही तर सोयरीक जमली. मग तो त्याच्या कानाशी सांगायचा, "ह्यो तुझा. ह्याच्यामागं जा." आणि पाठ फिरवून चालू लागायचा. दावं गेलं की कुत्रं अजून आपलंच राहतं, त्याचं बरंवाईट आपल्या दारात येतं, असं त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं.

ही रीत त्यानं एकाच माणसासाठी मोडली. तो म्हणजे आप्पासो. आप्पासो कुंडलचाच. कोंडीबाची मेंढरं दर साली त्याच्या रानात बसायला यायची, दोघं एका ताटात जेवलेले. पुढं आप्पासो सांगलीला नदीकाठी हळदीच्या पेवांवर मुकादम झाला. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. वर माणूस उतरेल एवढं तोंड आणि खाली खोल मोठं पोट. हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्ष गेलं तरी हळद जशीच्या तशी.

"राखणीला चार कुत्री दे गड्या," आप्पासो म्हणाला होता. एकेक करून चारही त्यानं कुंडलच्या फाट्यावरून नेली. वाघ्या, बाणी, टिप्या आणि एका कानाचा खंड्या. दर वेळी हात हलवत यायचा. "दावं इसारलो बघ. तुझंच असू दे की. भावाभावात कसली आलीया रीत?"

कोंडीबानं दिलं. भावाला नाही कसं म्हणायचं?

तर त्या दिवशी काय झालं, चैत्राची अमावस्या, वार बुधवार. कोंडीबा ढवळी नावाची कुत्री घेऊन कुंडलला उतरला. हंबीरराव म्हणून पलटणीतून पेन्शनीवर आलेले हवालदार होते, त्यांना ती द्यायची होती. हंबीररावांनी नवंकोरं दावं आणलं होतं आणि ढवळीपुढं ताठ उभे राहिले होते.

"आवं हवालदार, सलामी न्हाई द्यायची तिला. खाली बसा," कोंडीबा म्हणाला.

हवालदार मातीत बसले. ढवळीनं त्यांचा हात हुंगला आणि त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकली. काम झालं. कोंडीबाला इतकं बरं वाटलं की त्याच्या मनात आलं, सांगली काही लांब नाही, आपली ती चार कशी आहेत तेवढं बघून यावं. दिल्यापासून एकदाही बघितली नव्हती. तो यष्टीत बसला.

सांगलीत उतरून नदीकाठच्या वाटेला लागला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. अमावस्येचा अंधार. पेवांचा माळ सुरू झाला आणि त्याचे पाय आपोआप सावकाश पडायला लागले. काहीतरी चुकत होतं. काय ते त्याला लगेच कळेना.

मग कळलं. भुंकणं नव्हतं.

राखणीची चार कुत्री. परका माणूस अंधारात येतोय. आणि एकही भुंकत नाही? बरं, परका कसला… त्याच्या पावलांचा आवाज तर ती कोसावरून ओळखायची.

खोपीच्या दारात कंदील होता. आप्पासो बाहेर आला. त्यानं आधी कोंडीबाच्या तोंडाकडं बघितलं नाही. हाताकडं बघितलं. हातात दावं आहे का… दाव्याला काही आहे का…

"आज आणलं न्हाईस व्हय रं?"

"न्हाई. बघाय आलोय. कुठं हाईत?"

"पल्याड. मळ्यात ठेवल्यात. चल, च्या टाकतो."

"थांब की. हाक मारतो. येतील."

"नगं रं… राच्चं कशाला…"

पण कोंडीबानं तोंडाशी हात धरलाच होता. "यूऽ यूऽ यूऽ…"

माळ गप्प.

मग उत्तर आलं. मळ्याकडून नाही. नदीकडून नाही. पायाखालून.

बारीक कण्हणं. बांधलेलं कुत्रं मालकाला बघून कण्हतं ना, तसं. आणि मातीला नखं घासल्याचा आवाज.

कोंडीबानं कंदील उचलला आणि त्या आवाजाच्या मागं गेला. एका पेवाचं तोंड त्याच दिवशी उघडलेलं होतं. काठावर लाकडाची मेढ रोवलेली. मेढीला दोर बांधलेला, त्याचं टोक आत सोडलेलं. कोंडीबानं दोर हातात घेतला. लोकरीचा होता. काळा-पांढरा पीळ, त्याच्याच हातचा. चार दावी. एकाला एक गाठ मारून केलेला एक लांब दोर.

सगळं त्याच्या ध्यानात आलं. पेवात हवा कोंदते, पोरांनो. ती दिसत नाही. उतरणारा गडी तिथंच आडवा होतो. म्हणून आधी पेव उघडं टाकतात, कंदील सोडून बघतात. कंदील विझला की कुणी उतरत नाही. आणि आप्पासो…

"कंदील फसवतो रं," आप्पासो मागून म्हणाला. आवाज रडवेला झाला होता. "गेल्या साली कंदील जळत हुता आन् दोन गडी गेलं. त्यांच्या बायका माझ्या दारात येऊन बसल्या. मग काय करू? माणूस उतरवू? कुत्र्याला लगेच कळतं. तिकडं तरी मेलीच असती की ती…"

"मागितली का न्हाईस?"

"काय?"

"ह्यासाठी पायजेत म्हणून का मागितली न्हाईस?"

"तू दिली असतीस?"

इतक्या वर्षांनी मला हे सांगताना कोंडीबा म्हणाला, मेल्याचं दुःख वेगळं. पण मी त्यांच्या कानाशी सांगितलं होतं, ह्याच्यामागं जा. ती गेली. ह्यानं गळ्यात दोर घालून आत सोडलं, तेव्हाही ती कुरकुरली नसतील. मी सांगितलं होतं ना. एका मालकानं टाकलेली कुत्री, मी त्यांना दुसऱ्यांदा टाकलं.

दोर हलला.

कोंडीबाच्या हातात हलला. आतून ओढ आली. फिरायला निघालेलं कुत्रं ओढतं तशी. आप्पासोनंही बघितलं. तो मागं सरकला.

"आत कुणी न्हाई…" तो म्हणाला. "सगळी नदीला सोडली. आत कुणीच न्हाई रं…"

दोर ताणला. मेढ करकरली.

कोंडीबा खाली बसला, दोर हळूहळू वर ओढून घेतला आणि खालच्या टोकाकडून गाठी सोडायला लागला. पहिली सुटली. "वाघ्या, मोकळा." दुसरी. "बाणी, मोकळी." तिसरी. "टिप्या…" शेवटचं दावं मेढीवरून सोडलं. ते हातातून सर्रकन आत गेलं.

"खंड्या… जा."

शांत.

मग त्याच्या दोन्ही बाजूंनी काहीतरी गेलं. पावलं. मऊ. झपझप. दिसलं काहीच नाही. वारंही नव्हतं. पावलं आप्पासोकडं गेली. त्याच्याभोवती फिरली. एकदा. परत एकदा.

कंदील बारीक झाला.

उघड्या माळावर. कोंडीबाच्या हातात. ज्योत निळी पडली. एवढीशी झाली. विझली.

"कोंड्या…" अंधारात आप्पासो घुसमटला. "हवा… हवा न्हाई रं… कोंड्या…"

तो खाली पडल्याचा आवाज आला. टाचा घासल्याचा. कोंडीबा उभा होता. त्याला श्वास घेता येत होता. त्याला हवा होती. हवा फक्त आप्पासोला नव्हती.

किती वेळ तो तसाच उभा राहिला, हे त्यानं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग तो म्हणाला, "बास."

मेंढरामागं धावणाऱ्या कुत्र्याला म्हणतात तसं. एकदाच.

पावलं थांबली. आप्पासोनं एवढा मोठा श्वास ओढला. तो रडत होता, हात जोडत होता, कोंडीबाचे पाय चाचपत होता. कोंडीबानं पाय सोडवून घेतले. दोघांचं बोलणं तिथं संपलं ते कायमचं. पुढं आप्पासो पेवं सोडून कुंडलला आला. मरेपर्यंत बंद खोलीत झोपला नाही, थंडीतसुद्धा अंगणात.

कोंडीबा खाली नदीच्या वाळूत जाऊन बसला. एवढ्या अंधारात जाणार कुठं? मागं पावलं येत होती. तो घाबरला नाही. धनगर कुत्र्याला भीत नाही, जिवंत असो नाहीतर मेलेलं. त्यानं गाठोडं सोडलं. तानुबाईनं दिलेली मिलोची एकच भाकरी होती. तिचे चार तुकडे केले, चारी बाजूंना ठेवले, आणि एकेकाला नावानं सांगितलं, "खा रं. माझं चुकलं. खा."

आणि घोंगडं ओढून तो आडवा झाला.

उजाडलं तेव्हा उठून त्यानं बघितलं. वाळूत ठसे होते. पेवांच्या वाटेवरून खाली आलेले. चार कुत्र्यांचे, आणि सगळे पिवळे. ताज्या हळदीनं भरलेले. ते त्याच्यापर्यंत येऊन चारी बाजूंना बसले होते. पंजांची बोटं बाहेरच्या बाजूला… रात्रभर त्याची राखण केल्यासारखी. तिथून परत गेलेला ठसा एकही नव्हता.

भाकरीचे चारही तुकडे मात्र जागच्या जागी होते. कुणीच तोंड लावलं नव्हतं.