सहावी ज्योत

या, माउलींनो, असे समईजवळ सरका. आमच्या देवळातल्या कीर्तनाचीच गोष्ट सांगतो.

चौऱ्याऐंशी साल. कट्ट्यावर गंगारामचं फोटोचं दुकान. त्याच्या जुन्या लेन्सवर दमट हवेनं जांभळट झाक धरली होती. गंगाराम तिला जपायचा. उजेड काचेवरून उलटा फिरतो आणि फोटोत खोट्या ज्योती उमटतात. ही झाक त्याला अडवते. जुन्या कारागिरांनी हे डागाळलेल्या काचांवरूनच हेरलं, म्हणून तर पुढे कारखान्यात मुद्दाम लेप चढवू लागले.

उत्सवाच्या आदल्या दिवशी त्याच्या बायकोनं, शेवंतीनं, देवळाची समई चिंच-राखेनं घासली. सोबत लेन्सही.

"समयेपेक्षा तुमचीच काच काळी होती ओ!"

कीर्तनाचा फोटो धुतला. समईच्या वाती पाच. समोरच्या बाजूला पाच ज्योती उलट्या लटकलेल्या. लेप गेला, त्या आल्या. हिशेब सरळ होता.

पण सहावी होती. सुलटी. मृदंगाशेजारी, जिथे शिवा टाळ घेऊन उभा राहायचा.

शिवाची होडी दोन वर्षांपूर्वी खाडीत उलटली. तो सापडला नाही. त्याची बायको सत्यवती क्रियाकर्म करू देईना. दिरानं आता त्यासाठी सोमवार ठरवला होता; देहाऐवजी दर्भाचा पुतळा जाळायचा.

सत्यवतीनं फोटो पाहिला. "गंगारामभाव, ही कोणाची ज्योत?"

"काचेचो खेळ तो, वयनी."

"मगे लेपाची काच हाड. ज्योत गेली, तर सोमवारी दर्भाचो पुतळो जाळूक देतंय."

गंगारामनं कोल्हापूरहून लेपाची लेन्स आणली. काल्याच्या कीर्तनाला, भरदुपारी, फोटो काढला. सत्यवती बायकांत बसली होती, डाव्या हाताची जागा रिकामी.

डार्करूममध्ये कागद उजळत गेला.

उलट्या पाचही गेल्या होत्या.

सहावी होती. सत्यवतीच्या डावीकडे, त्या रिकाम्या जागी.

सत्यवती या आशेतून सुटावी, म्हणून त्यानं पात्यानं निगेटिव्हवरची ज्योत खरवडली. नव्या फोटोत तिथे नुसता काळोख आला.

सत्यवती दुकानात आली. तिनं फोटो हाती घेतला.

"ज्योत नाय," गंगाराम म्हणाला.

तिनं फोटोतल्या आपल्या डाव्या गालावर बोट ठेवलं. तो उजळलेला होता.

"मगे हो उजेड खंयसून इलो?"

गंगारामनं मान वर केली. बाहेर आभाळ भरलेलं, दुकानात वीज नव्हती.

तिच्या डाव्या गालावर पिवळा उजेड हलत होता.

सोमवारी सत्यवतीनं पुतळा जाळू दिला नाही. तेव्हा माउलींनो, घरी समई लावाल, तेव्हा शिवा टाळकऱ्याची आठवण ठेवा.